बाटली क्रमांक ५३-एन

१८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग जबलपूर येथे अलाहाबादकडून आलेल्या मार्गाला मिळाला आणि मुंबई ते कलकत्ता हा सलग रेल्वेप्रवास शक्य झाला. पाव शतकानंतर, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे अशाच लोहमार्गांनी साथ देशाच्या अंतर्भागात पोहोचवली. त्या साथीवरील लस ज्याने तयार केली, त्या शास्त्रज्ञावर आलेल्या दडपणाची आणि पुढे त्याच्याच माथी मारल्या गेलेल्या दोषाची ही हकिकत आहे.

वाल्डेमार हाफकिन हे १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले ज्यू संशोधक. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८९२ मध्ये तिची पहिली चाचणी स्वतःवर घेतली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका अपुऱ्या जागेत काम करून त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली आणि लस न घेतलेल्या कैद्यांशी तुलना करून आकडे मांडले. धाडस स्वतःच्या शरीरावर आणि सावधगिरी इतरांच्या, असा हा मनुष्य होता.

त्याच वर्षी पुण्यात रँडच्या घरझडत्यांनी लोक संतापले होते. सरकारी सुईविषयीचा संशय तर घरोघरी होता. अशा वातावरणात तिसरे आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. लशीवरचा विश्वास वाढला आणि त्याबरोबर मागणीही वाढली.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने हाहाकार केला होता. तेथील सरकारने हिवाळ्यापूर्वी लसीकरणाची अतिशय मोठी मोहीम आखली आणि परळकडे लशीचा प्रचंड साठा मागितला. मागणी अन्यायाची नव्हती, माणसे खरोखरच मरत होती. पण परळची जुनी पद्धत संथ होती. हाफकिन यांनी उत्पादन वेगाने व्हावे म्हणून पद्धत बदलली: लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याऐवजी केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करायचे ठरवले. पाश्चर संस्थेत ही रीत दोन वर्षे रुळलेली होती. निर्णय त्यांचाच होता, हे नाकारता येत नाही. पण तो शांत बसून घेतलेला निर्णय नव्हता, हेही तितकेच खरे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे प्रमुख होते. दूषितीकरण परळच्या प्रयोगशाळेतच, बाटली उघडण्यापूर्वी झाले असावे, असा आयोगाचा कल पडला. कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर चूक ठरवण्यात आली. हाफकिन पदावरून दूर झाले आणि भारत सोडून गेले. ज्या व्यवस्थेला महिन्याभरात डोंगराएवढी लस हवी होती, तीच आता विचारत होती की पद्धत बदललीच कशासाठी. मागणीची घाई किती रास्त होती, हा प्रश्न आरोपीच्या पिंजऱ्यात कधी आलाच नाही. हे मला या प्रकरणातले सर्वांत बोचरे वाटते.

आयोगासमोर एक साक्ष होती, तिला पुरेसे वजन मिळाले नाही. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याच चिमट्याने बूच काढले गेले. शिवाय टोचणाऱ्या डॉक्टरांना लशीला कसलाही दुर्गंध जाणवला नव्हता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर तो जाणवायला हवा होता. रोनाल्ड रॉस, ज्यांना त्याच १९०२ साली हिवतापावरील संशोधनासाठी नोबेल मिळाले, यांनी हा मुद्दा पुढे लावून धरला. १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांच्या बाजूने पत्र लिहिले. फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाशी त्याची तुलना होऊ लागली. एका ज्यू परदेशी माणसावर ठपका ठेवणे सोयीचे होते, हा आरोप उघडपणे केला गेला.

सव्वाशे वर्षांनी भाषा सौम्य झाली आहे, धाटणी मात्र ओळखीची आहे. २ जुलै २०२० रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालकांनी कोव्हॅक्सिनच्या चाचणी केंद्रांना पत्र लिहिले. नागपूर, बेळगाव आणि गोव्यातील रुग्णालये त्यांत होती. पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेत वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनलेली लस १५ ऑगस्टपर्यंत लोकांसाठी खुली करण्याचे उद्दिष्ट त्यात होते, आणि हयगय झाल्यास ती गंभीरपणे घेतली जाईल असेही बजावले होते. मानवी चाचण्या तेव्हा सुरूही झाल्या नव्हत्या. भारतीय विज्ञान अकादमीने ही मुदत अवाजवी असल्याचे जाहीरपणे सांगितले. परिषदेने, पत्राचा हेतू केवळ लालफीत टाळण्याचा होता, असा खुलासा केला. तारीख टळली. पुढे २५,८०० स्वयंसेवकांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. या वेळी शंका घेणारे आवाज आधी उठले, एवढा फरक पडला. परळमध्ये १९०२ साली तसे बोलणारे कोणी नव्हते.

हाफकिन यांची १९०७ च्या नोव्हेंबरमध्ये निर्दोष मुक्तता झाली. ते भारतात परतले, पण मुंबईतील पद त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्यात काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले, तेव्हा ते युरोपात होते. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.