पाचगणीचा पियानो

फ्रेडी मर्क्युरी 'आपला' की नाही, यावर आम्हा पुणेकरांच्या गप्पा मधूनमधून रंगतात. पारशी घरातला, झांजिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फरोख बुलसारा. शाळा मात्र पाचगणीची, सेंट पीटर्स. म्हणजे इथून जेमतेम शंभरेक किलोमीटर! मग लोक क्वीनच्या गाण्यांत हिंदुस्थानी सूर शोधायला बसतात. मला विचाराल तर ही मंडळी भलत्याच कपाटात शोधतायत.

पाचगणीने त्याला दिलं ते रॉक अँड रोल. १९५८ च्या सुमारास वसतिगृहातल्या पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. एल्व्हिस, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड, सगळी तेव्हाची ताजी गाणी. गंमत म्हणजे गायक फ्रेडी नव्हताच. गायचा ब्रूस मरे. हा आपला मागे पियानोवर. गाणं एकदा ऐकलं की तो ते वाजवून दाखवायचा, असं सोबती सांगत. डेरिक ब्रांच गिटारवर, ड्रमवर व्हिक्टरी राणा (हे पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाले!). आणि चहाच्या लाकडी खोक्याला काठी नि दोरी लावून केलेल्या बासवर फरांग इराणी. तेच हे, पुण्यातल्या 'बाउंटी सिझलर्स'वाले. तिथल्या धुरात नाक पुसत जेवलेल्या किती जणांना याचा पत्ता होता कोण जाणे. मला तरी नव्हता.

पुढे इंग्लंड, क्वीन, कीर्ती वगैरे सगळ्यांना माहीत आहे. मुलाखतींत तो पाचगणीबद्दल फारसं बोलला नाही. नाव बदललं, दांडगं यश मिळवलं, मागचं मागे ठेवलं. काहींना ते खटकतं. मला नाही खटकत, कारण रंगमंचावर तो ते लपवत नव्हता. क्वीनच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांत शेवटी बऱ्याचदा एल्व्हिसचं 'जेलहाउस रॉक' असायचं. १९७९ मध्ये म्युनिकच्या हॉटेलात, आंघोळीच्या टबात, त्याने 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' रचलं ते थेट एल्व्हिसच्या वळणाचं. त्यात गिटारही स्वतःच वाजवली, मोजक्याच कॉर्ड्स येत असताना. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं क्वीनचं हे पहिलं गाणं. एवढी गुंतागुंतीची गाणी रचणाऱ्याला तिथे पोचवलं ते शाळेतल्या चालीने!

जुलै १९८६ ची वेम्ब्लीची चित्रफीत मिळाली तर मधला भाग जरूर पाहा. सत्तर हजारांवर माणसं समोर, स्वतःची इतकी गाजलेली गाणी हाताशी, आणि हे चौघे पुढे येऊन 'हॅलो मेरी लू' आणि लिटल रिचर्डचं १९५५ चं 'टुटी फ्रुटी' म्हणतायत. तोवर महाराजासारखा वावरणारा फ्रेडी तिथे चक्क गॅदरिंगमधल्या पोरासारखा दिसतो. फरक एवढाच, की आता पुढे उभा राहून गाणारा तो स्वतः आहे. त्यानंतरच्या महिन्यात क्वीनबरोबरची त्याची शेवटची मैफल झाली.