रिकाम्या गवताची किंमत

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टनच्या रणभूमीचे उद्यान आहे. तिथे पाहण्यासारखे फारसे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक गवताळ माळ, कडेला झाडी, थॉमस क्लार्क या क्वेकर शेतकऱ्याचे १७७२ सालचे पांढरे लाकडी घर आणि पलीकडे चार उंच ग्रीक पद्धतीचे खांब. फोटोसाठी कुणालाही ते खांबच खुणावतील. त्यांचा लढाईशी काडीचा संबंध नाही. ते एका जुन्या हवेलीचे, १९५९ मध्ये इथे आणून उभे केलेले. लढाई झाली ती गवतावर.

३ जानेवारी १७७७. आदल्या संध्याकाळी ट्रेंटनला कॉर्नवॉलिसने वॉशिंग्टनला एका ओढ्याच्या काठी जवळजवळ कोंडले होते. (हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला; त्याची कबर गाझीपूरला आहे.) वॉशिंग्टनने छावणीतल्या शेकोट्या पेटत्या ठेवल्या आणि फौज रातोरात आडवाटेने काढली. उजाडता उजाडता क्लार्कच्या शेताशी तिची एक तुकडी मॉहूडच्या इंग्रज पलटणींवर आदळली. जनरल ह्यू मर्सरच्या बऱ्याच लोकांपाशी संगिनी नव्हत्या. इंग्रज संगिनी रोखून धावले, फळी फुटली, मर्सर भोसकला गेला. मग वॉशिंग्टन स्वतः घोडा पुढे घालून आला, पांगलेल्यांना त्याने सावरले आणि उलट हल्ला चढवून इंग्रजांना पळवले.

मर्सर हा मूळचा स्कॉटिश वैद्य. तो एका ओक वृक्षाखाली टेकून पडला होता, अशी आख्यायिका आहे. खरे म्हणजे त्याला क्लार्कच्या घरात नेले आणि नऊ दिवसांनी तो तिथेच वारला. युद्ध हे पाप मानणाऱ्या क्वेकरांच्या घरात दोन्ही बाजूंचे जखमी विव्हळत पडले होते, ही गोष्ट मला ओकपेक्षा मोठी वाटते.

उद्यान राज्य सरकारचे आहे. पण त्याची आठवण जिवंत ठेवते ती प्रिन्स्टन बॅटलफिल्ड सोसायटी. ही ना नफा तत्त्वावर चालणारी संस्था आहे. स्वयंसेवक लोकांना मैदान दाखवतात, जुन्या बंदुका कशा भरत आणि उडवत ते करून दाखवतात, जानेवारीच्या थंडीत लढाईचा दिवस पाळतात. अशा संस्था अमेरिकेत पुष्कळ आहेत. या संस्थेची खरी परीक्षा झाली ती शेजाऱ्यामुळे.

शेजारी म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी, आईन्स्टाईन आणि आपले हरीश-चंद्र यांची. उद्यानालगतच्या स्वतःच्या जमिनीवर तिला प्राध्यापकांसाठी घरे बांधायची होती. यात खलनायक शोधण्यात अर्थ नाही. जमीन तिची होती, पूर्वी तिने उद्यानासाठी जमीन दिलीही होती, आणि २०१२ मध्ये स्थानिक नियोजन मंडळाने आराखडा मंजूर केला होता. सोसायटीचे म्हणणे एवढेच, की वॉशिंग्टनचा उलट हल्ला याच पट्ट्यावरून गेला. पुराव्याला काय, तर जुनी पत्रे, रोजनिशा, जमिनीचे चढउतार आणि मातीत सापडणाऱ्या शिशाच्या गोळ्या. २०१० च्या एका अभ्यासात हे सगळे नकाशावर एकत्र मांडले गेले. गोळी कुठे पडली यावरून कोण कुठे उभा होता हे कळते. पायासाठी एकदा माती उपसली, की ते वाक्य पुसले गेले.

इथे मला राहून राहून दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. गणिती म्हणून १९४९ मध्ये ते काही काळ याच इन्स्टिट्यूटमध्ये होते. पुढे पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायांखाली घालून, दगडाची बारीक हत्यारे वेचून, त्यांनी आपल्याला शिकवले की ग्रंथ गप्प बसतात तिथे जमीन बोलते. हे रण त्यांच्या मुक्कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. ते तिकडे फिरकले असोत वा नसोत, सोसायटीची बाजू त्यांना समजावून सांगावी लागली नसती.

कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१५ च्या अखेरीस जमीन साफ करायलाही सुरुवात झाली. तडजोड निघाली ती डिसेंबर २०१६ मध्ये. रणभूमी वाचवणाऱ्या सिव्हिल वॉर ट्रस्टने सुमारे १५ एकर जमीन ४० लाख डॉलरला विकत घ्यायची, इन्स्टिट्यूटने स्वतंत्र बंगल्यांऐवजी कमी जागेत जोडघरे बांधायची. कुणालाच सगळे मिळाले नाही. मिळालेला तुकडा पुढे उद्यानात सामील झाला, आणि तिथेही आज गवतच आहे.