सरसाच्या कढईतून जबड्यात

दाढ काढल्यावर तिच्या खोबणीभोवतीचे हाड, त्याला चर्वणाचे काही काम न उरल्यामुळे, वर्षभरात रुंदीने जवळजवळ निम्मे झिजते. आणि पुढे तेथे टायटॅनियमचा खुंट रोवून कृत्रिम दात बसविण्याची वेळ आली, म्हणजे त्या खुंटाने पकड घ्यावी एवढे हाडच शिल्लक राहिलेले नसते. तेव्हा दंतवैद्य हिरडी उचलून त्या उणिवेत पांढरे कण भरतो. जाड्या रव्याएवढे, रोग्याच्याच रक्तात कालविलेले. त्यावर पातळ पडदा, पडद्यावर टाके, आणि पाच-सहा महिन्यांत कणांच्या सांदीसांदीतून नवे हाड धरते. खुंटाची हकीकत सर्वश्रुत आहे. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये तो प्रथम माणसाच्या जबड्यात रोवला. मला ओढ आहे ती कणांच्या कुळाची.

इतिहासकार येथे 1668 सालचा दाखला पुढे करतात. अ‍ॅमस्टरडॅमचा शस्त्रवैद्य योब फान मीकरेन याच्या मरणोत्तर छापलेल्या ग्रंथात अशी कथा आहे, की तलवारीच्या घावाने कवटी फुटलेल्या एका रशियन सरदाराला कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून बरे करण्यात आले. धर्मपीठाने त्याला बहिष्कृत केले. तो बिचारा तुकडा काढून घ्या म्हणून परत आला, तर तुकडा हाडात पुरता सांधून गेलेला! कथा रसाळ आहे, परंतु मीकरेनने हा प्रकार स्वतः पाहिलेला नाही, आणि असली ऐकीव साक्ष कोणत्याही कचेरीत ग्राह्य धरली जाणार नाही. ती खरी मानली तरी तिला वंश नाही. ग्लासगोच्या मॅक्यूएनने 1880 च्या सुमारास एका मुलाच्या दंडात इतर रोग्यांच्या नडगीचे तुकडे बसविले, तेथून पुढची परंपरा अव्याहत आहे खरी. पण ती सबंध, सजीव हाडाची परंपरा. कणांचे घराणे निराळे, आणि माझ्या मते ते सरस कढविणाऱ्यांचे आहे.

हाड म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचे खनिज आणि कोलॅजेनचे चिवट तंतू यांची गुंफण. कोंबडीचे हाड काही दिवस शिरक्यात बुडवून ठेवावे, खनिज विरघळते आणि हाड बोटांनी वाकविता येते. तेच भट्टीत जाळावे, तंतू जळतात आणि उरते ते चिमटीत चुरडते. सरसवाल्याला हवे असतात तंतू. खनिज त्याच्या लेखी चोथा, खतावर जाणारा. आता स्वित्झर्लंडचे गाइस्टलिश घराणे पाहा. 1851 मध्ये हाडांपासून सरस करण्याच्या धंद्याने त्यांचा आरंभ झाला, आणि 1980 च्या दशकात त्याच घराण्याने, फिलिप बॉइन या अमेरिकन मुखशल्यविशारदाच्या सहकार्याने, गुरांच्या हाडातील सगळा सेंद्रिय अंश काढून टाकून बायो-ऑस हे कण बाजारात आणले. ज्या चोथ्याला आजोबांनी खताचा भाव दिला, तोच नातवंडांनी ग्रॅमवर विकला! हाडाची ही फोड करण्याचे ज्ञान घरात पिढीजात नसते, तर ही कल्पना त्या उंबरठ्यावर आली असती असे मला वाटत नाही.

यावर हरकत अशी निघेल, की एका घराण्याच्या दफ्तरावरून साऱ्या तंत्राची वंशावळ कशी ठरवावी? तर कणांची दुसरी जातही तपासावी. लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्टने 1965 मध्ये हाडातले खनिज हायड्रोक्लोरिक अम्लाने काढून टाकले, उरलेला तंतुमय भाग प्राण्यांच्या स्नायूत पुरला, आणि तेथे, जेथे हाडाचा मागमूस असू नये तेथे, हाड उगवले. आज दंतवैद्याच्या कुपीत दोन्ही जाती सापडतात. युरिस्टच्याही आधी, 1889 मध्ये, अमेरिकेतील निकोलस सेन याने अम्लात मऊ केलेले बैलाचे हाड रोग्यांच्या हाडांतील पोकळ्यांत भरले होते. त्याला ही युक्ती रसायनशाळेत सुचली, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, तिचा उगम पॅरिसात शोधा. तेथे दार्से या रसायनज्ञाने हाडे याच अम्लात भिजवून जिलेटिन काढण्याची रीत सेनच्या सत्तर-एक वर्षे आधी चालू केली होती, आणि ते जिलेटिन गरिबांच्या रश्श्यात घातले जात होते.