कनातीमागचे बालपण

रॉक संगीताचा दौरा आणि वयात येणे या दोन गोष्टी एकत्र गुंफणारा ‘ऑलमोस्ट फेमस’ हा अमेरिकी चित्रपट २००० साली आला. दिग्दर्शक कॅमेरॉन क्रो १९७३मध्ये, सोळा वर्षांचा असताना, ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकासाठी ऑलमन ब्रदर्स या बँडबरोबर हिंडला होता. त्या अनुभवातून चित्रपटातला पंधरा वर्षांचा विल्यम घडला. शाळा सोडून तो बसमध्ये चढतो, आई गावोगावच्या हॉटेलांत फोन करत राहते आणि शेवटी मुलगा शहाणा होऊन घरी परततो. दौरा ही त्याची शाळा ठरते.

मराठी सिनेमात संगीत आणि फिरस्तीचा असा संगम पाहायचा तर तमाशापटांकडेच वळावे लागते. मात्र आपल्या गाजलेल्या तमाशापटांतला रस्ता बहुधा बाहेरच्या माणसाच्या नजरेने दिसतो. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) आदर्शवादी मास्तर फडामागे जातो आणि स्वतःचे नाव गमावून बसतो. या कथेचे मूळ ‘द ब्ल्यू एंजल’ या १९३०च्या जर्मन चित्रपटात आहे. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ (२०१०) अधिक सहृदय आहे. तरी तिथेही गुणा कागलकर हा शेतमजूर फडात येतो, नाच्या होतो आणि त्याची किंमत त्याच्या घराला मोजावी लागते. दोन्हीकडे घर एका बाजूला आणि फड दुसऱ्या बाजूला.

फडातच जन्मलेल्याला ही विभागणी लागू पडत नाही. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातल्या. त्यांच्यासाठी फड हेच माहेर आणि तोच व्यवसाय. प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट तमाशाच्या जगात आजही सांगितली जाते. ती आपण आईच्या जिद्दीची म्हणून ऐकतो. त्या रात्री कनातीमागे जन्मलेल्या मुलाच्या बाजूने ती क्वचितच ऐकली जाते.

तमाशाच्या हंगामाचे गणित पाहिले की या बाजूचे वजन कळते. मोठे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत हिंडतात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे पुढारी नारायणगावच्या राहुट्यांमध्ये येतात. शाळेचे वर्ष जूनपासून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतचे. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मोठा भाग फड रस्त्यावर असतो. मुलाने आईबरोबर ट्रकमध्ये बसावे, की तिला सोडून नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहून शिकावे? विल्यमच्या वाट्याला शाळा, रस्ता आणि आई हे तिन्ही येते. फडातल्या मुलाला त्यातले काहीतरी सोडावे लागते.

यामागे जातीचा इतिहास आहे. तमाशा प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी जगवला. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली आणि ती उठली तीही संहिता तपासण्याची अट घालून. प्रतिष्ठितांच्या लेखी फड ही बिघडण्याची जागा होती. त्यामुळे पडद्यावर बिघडणारा नायक बाहेरून आला आणि तिथे वाढणारी मुले पार्श्वभूमीला राहिली.

याला छेद देणारी एक वाट फार आधी दिसली होती. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’त (१९५९) तमाशात वाढलेली मुलगी कथेच्या केंद्राशी आहे आणि गावच्या पाटलाचे पाप चारचौघांत सांगण्याची जागा बोर्ड हीच आहे. पुण्याच्या विजयानंदमध्ये हा चित्रपट १३१ आठवडे चालला. म्हणजे ती गोष्ट ऐकायला प्रेक्षक तयार होता. पुढच्या तमाशापटांनी त्यातली लावणी उचलली, त्या मुलीचे वाढणे मागे सोडले.

२००६पासून राज्य शासन विठाबाईंच्या नावाने ज्येष्ठ तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. आयुष्य सरताना होणारा हा सन्मान योग्यच आहे. पण आयुष्य सुरू होताना त्या ट्रकमध्ये कोण झोपले होते, पहाटे कुठल्या गावात जागे झाले आणि त्या दिवशी कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले गेले, हे सांगणारा चित्रपट आपल्याला हवा आहे.