ठक्कर यांची दोन सुवर्णपदकं आणि त्यानंतरची सत्तर वर्षं

मंडळी, विहिरीच्या काठावरून मुटका मारणारी पोरं करमाडला नवी नाहीत. म्हणून आज सूर मारणाऱ्या एका खेळाडूबद्दल बोलतो.

मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. भारताला १५ सुवर्णपदकं मिळाली. पोहण्यातल्या सचिन नाग यांचं नाव अजून कानावर येतं. पण १५ पैकी दोन पदकं एकट्या के. पी. ठक्कर यांची होती, तीही डायव्हिंगमधली. एक तीन मीटर स्प्रिंगबोर्डचं, दुसरं दहा मीटर प्लॅटफॉर्मचं.

आता हे दोन प्रकार वेगळे आहेत बरं का. प्लॅटफॉर्म हलत नाही. स्प्रिंगबोर्डची फळी दबते आणि माणसाला वर फेकते. शेवटची उडी फळीच्या टोकावर नेमक्या क्षणी पडली नाही, तर पुढचं सगळं बिघडतं. पाण्यात शिरेपर्यंत हातात जेमतेम दीड सेकंद. दोन्हींत पहिलं येणं सोपं नव्हतं.

कोणी म्हणेल, तेव्हा देशच ११ होते, चीन नव्हताच. खरं आहे. पण चीन आशियाई स्पर्धांत उतरला १९७४ ला, आणि दहाच वर्षांत, १९८४ ला, झोऊ जिहोंग हिने ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं. २०२४ ला पॅरिसमध्ये डायव्हिंगची आठही सुवर्णपदकं चीनची! आपल्याला मात्र ठक्कर यांच्यानंतर आशियाई स्पर्धांत डायव्हिंगचं एकही सुवर्ण नाही.

आपली पोरं भित्री आहेत का? मुळीच नाही. फरक सरावाचा आहे. तिकडे मूल आधी जमिनीवर शिकतं. ट्रॅम्पोलिन, कमरेला दोर, खाली फोमचा खड्डा. एकच उडी शेकडो वेळा, पण अंगाला इजा नाही. आपल्याकडे बहुतेक तलाव पोहण्यापुरते खोल. तिथे बोर्ड बसवणंच धोक्याचं.

जिथे सोय झाली, तिथे खेळाडू घडले. सोलापूरच्या ऋतिका श्रीरामने राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राला सुवर्णपदकं मिळवून दिली. सोलापूर काही मुंबई नाही, आपल्यासारखंच उन्हाचं, पाणीटंचाईचं गाव.

तेव्हा तालुक्याला नवा तलाव होणार असं ऐकलंत, तर एवढंच विचारा: खोली किती ठेवणार, आणि बोर्ड बसणार का? नकाशा कागदावर आहे तोवरच हे विचारता येतं. एकदा काँक्रीट ओतलं, की विषय संपला.