तुटलेली तार आणि थांबलेला आंकडा

जालना शहरांत मस्तगडावरून जाणाऱ्या प्रवाशास त्या गढीकडे निरखून पाहण्याची सवड मिळतेच असें नाहीं. चौकोनी बांधणी, कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज, आंत सज्जे व दालनें असलेली एक मोठी विहीर, आणि गढीच्या उभारणीचा काळ नोंदणारा फारसी शिलालेख, एवढी सामग्री जवळ असूनही मनुष्य आपल्या वाहनाच्या वेगाच्याच विचारांत असतो. आम्हीही त्यास अपवाद नव्हतों. परंतु गेल्या हिवाळ्यांत याच परिसरांत एका जुन्या मोटारीनें आम्हांस थांबविलें, आणि वेग मोजण्याची बुद्धि मनुष्यास कशी झाली या प्रश्नाकडे वळविलें. त्या विचाराचा वृत्तांत वाचकांस सादर करीत आहों.

मोटार आमच्या एका स्नेह्यांची. दोन बैठकींची, कापडी छताची ‘एम्. जी. मिजेट’, इंग्लंडांतील ॲबिंग्डनच्या कारखान्यांत 1967 सालीं तयार झालेली. स्नेह्यांचे वडील विलायतेंत नोकरीस होते. परत येतांना त्यांनीं ती हौसेनें बोटीवर चढविली. गाडी अजून उत्तम चाले, परंतु वेगदर्शकाचा कांटा शून्यावर निजलेला, आणि खालील चौकटींतला मैलांचा आंकडा 41,386 वर खिळलेला. “गाडी विकावयाची आहे,” स्नेही म्हणाले. “तत्पूर्वीं हें एवढें दुरुस्त करून घ्यावें म्हणतों. आपण बरोबर चला.” मिस्तरीच्या दुकानांत इतिहासाच्या अध्यापकाचा उपयोग काय, हें आम्हांस तेव्हां कळलें नाहीं.

आपल्याकडे अंतराचें जुनें माप कोस. बारा कोसांवर भाषा बदलते असें म्हणतात. खरें पाहतां भाषेबरोबर कोसही बदलत असे. प्रवास किती झाला हें माणसाच्या पायांनीं, बैलांच्या दमानें आणि सूर्याच्या उंचीनें ठरे. नित्याच्या व्यवहारास तेवढें पुरेसें होतें. परंतु प्रसंग युद्धाचा असला म्हणजे अदमासाची किंमत रक्तानें द्यावी लागते. याचें उदाहरण आमच्या जिल्ह्यांतच आहे. सप्टेंबर 1803 च्या आरंभीं कर्नल स्टीव्हन्सन यानें जालन्याचा किल्ला घेतला. त्याच महिन्याच्या 21 तारखेस बदनापूर येथें त्याची व जनरल वेलस्लीची भेट होऊन, दोघांनीं निरनिराळ्या वाटांनीं निघावें व 24 तारखेस भोकरदनच्या बाजूस शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर मिळून चालून जावें, असें ठरलें. परंतु 23 तारखेस वेलस्लीस बातमी लागली कीं ती फौज आपल्या समजुतीपेक्षां पुष्कळच जवळ, अवघ्या पांचसहा मैलांवर आहे. मध्यें कैलना नदी. उतार नाहीं असें वाटाडे सांगत होते. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें दिसतांच, त्यांमध्यें उतार असलाच पाहिजे असें त्यानें अनुमान केलें, आणि तें खरें ठरलें. स्टीव्हन्सनची वाट न पाहतां असईची घनघोर लढाई झाली. ठरलेला दिवस आणि ठरलेलें ठिकाण हीं दोन्ही कागदावरच राहिलीं.

अंतर यंत्रानें मोजावें ही कल्पना मात्र फार जुनी आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस यानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत एका गाड्याचें वर्णन केलें आहे; त्याच्या चाकाचे ठराविक फेरे झाले म्हणजे दांतेरी चक्रांच्या योगानें एक खडा भांड्यांत पडे, व भांड्यांतील खडे मोजले कीं मैल कळत. कंपनी सरकारचे मोजणीदार असेंच एक चाक रस्त्यानें ढकलीत नेत आणि त्यास जोडलेल्या तबकडीवर फेरे वाचीत. मोटारीच्या चौकटींतला मैलांचा आंकडा हा त्या खड्यांचाच वंशज होय.

परंतु अंतर मोजणें निराळें आणि वेग मोजणें निराळें. अंतर मागाहून मोजतां येतें. वेग ज्या क्षणीं असतो त्याच क्षणीं समजला पाहिजे. बैलगाडीवाल्यास ती गरज नव्हती. मोटार आली आणि कायदाही आला. इंग्लंडांत 1903 च्या कायद्यानें ताशी वीस मैलांची मर्यादा घातली. मर्यादा घातली म्हणजे ती ओलांडली कीं नाहीं हें सांगणारा साक्षीदार हवा. तो साक्षीदार त्याच सुमारास तयार झालेला होता. स्ट्रासबुर्गच्या ऑटो शूल्त्सें यानें 1902 सालीं चुंबकीय वेगदर्शकाचें पेटंट घेतलें.

याचें तत्त्व मोठें मनोहर आहे. एक लहान लोहचुंबक फिरतो. त्याभोंवतीं ॲल्युमिनियमची एक वाटी असते. दोघांचा स्पर्श कोठेंही होत नाहीं. तथापि चुंबक फिरूं लागला कीं वाटींत विद्युत्‌प्रवाहाचे भोंवरे उठतात, व वाटी चुंबकामागें ओढली जाते. केसासारखी एक कमान तिला मागें खेंचते. ओढ आणि कमान यांचा जेथें तोल साधेल, तेथें कांटा स्थिरावतो. फिरत्या धातूचा व चुंबकाचा हा संबंध फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो यानें 1824 च्या सुमारास पाहिला, व फूको यानें 1855 सालीं त्याचें अधिक विवरण केलें. प्रयोगशाळेंतलें कुतूहल रस्त्यावर येण्यास अर्धें शतक लागलें.

आतां प्रश्न असा, कीं चाकांचें फिरणें चालकाच्या डोळ्यांपुढील चुंबकापर्यंत पोंचावयाचें कसें? सरळ दांडा नेण्यास वाट नाहीं. गिअरपेटी खालीं, तबकडी वर, मध्यें वळणें. म्हणून पोलादी तारांचे एकावर एक उलटसुलट वेढे देऊन केलेली एक दोरी नळींतून नेतात. ती वांकते, पण पीळ खात नाहीं. एका टोंकास दिलेला फेरा दुसऱ्या टोंकास जसाच्या तसा पोंचविते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दंतवैद्य आपलीं कोरण्याचीं यंत्रें अशाच लवचिक दांड्यानें फिरवीत. तबकडीवर बारीक अक्षरांत एक संख्या छापलेली असते. ती 1000 असली तर मैलामागें तारेचे हजार फेरे असा अर्थ. म्हणजे ताशी साठ मैलांच्या वेगानें जातांना ती बिचारी मिनिटास हजार वेळां फिरते.

मिस्तरींनीं तबकडीमागील कंगोरेदार चाकी हातानें सोडविली आणि तार ओढली. अर्धीच बाहेर आली. दुसरा तुकडा गिअरपेटीच्या बाजूनें काढावा लागला. “नवी तार लगेच घालतां येईल, सर,” ते म्हणाले, “पण ही कां तुटली तें आधीं पाहूं.” आम्हांस हें वाक्य फार आवडलें, इतिहासाच्या विद्यार्थ्यांस आम्ही तीस वर्षें हेंच सांगत आलों. त्यांनीं तुटक्या तारेचें चौकोनी टोंक वेगदर्शकाच्या छिद्रांत घालून दोन बोटांनीं फिरविलें. जड जात होतें. आंतलें जुनें वंगण वाळून घट्ट झालें होतें. तार त्याच्याशीं झगडतां झगडतां तुटली होती. तशींत नवी घातली असती तर तिचीही तीच गत झाली असती. वेगदर्शक उघडून स्वच्छ झाला, अगदीं थोडें तेल पडलें. नवी तार सपाट फळीवर लोळवून ती सरळ आहे याची खात्री केली. तिला पातळ वंगण लाविलें, परंतु तबकडीकडचीं चार बोटें कोरडीं ठेविलीं, कारण फिरतां फिरतां वंगण वर चढतें आणि वाटीस चिकटतें. नळीला कोठेंही तीव्र वळण पडूं दिलें नाहीं. बदनापूरच्या रस्त्यावर दगड मोजीत दहा किलोमीटर गेलों. मीटरानें सहा मैल व दोन दशांश दाखविले. 1956 च्या कायद्यानें देशांत आलेली दशमान पद्धति आणि ॲबिंग्डनचे मैल यांचा हिशेब जुळला.

खरी अडचण यापुढें आली. दुकानांत बसलेल्या एका दलालानें सुचविलें कीं वेगदर्शक उघडलाच आहे, तर आंकडा मागें फिरवावा. वीस हजारांची गाडी म्हटली कीं किंमत चढेल. स्नेही गप्प राहिले. पैशाची त्यांस निकड होती, हें आम्हांस ठाऊक होतें. थोड्या वेळानें त्यांनीं खिशांतून एक जुनी वही काढली. वडिलांनीं प्रत्येक प्रवासाचे मैल तींत लिहिले होते. शेवटची नोंद 41,386. “तार त्यांच्या हयातींतच तुटली,” ते म्हणाले. “पुढें वर्षभर ते गाडी चालवीत, पण वहींत लिहीत नसत. आईला दवाखान्यांत नेण्याआणण्याचे ते दिवस. ते मैल कोठेंच नाहींत.”

आम्ही सल्ला दिला तो एवढाच: आंकडा मागें नेऊं नये, आणि अदमासानें पुढेंही ढकलूं नये. जें मोजलें गेलें तें राहूं द्यावें. जें मोजलें गेलें नाहीं तेथें रिकामी जागा आहे, असें स्वच्छ लिहावें. स्नेह्यांनीं दुकानांतच वहींत तारीख घालून लिहिलें: “तार नवी. मध्यंतरीं गाडी चालली. मैलांची नोंद नाहीं.” गाडी पुढें त्या ओळीसह विकली गेली. दलालानें सांगितलेली किंमत आली नाहीं. वही मात्र स्नेह्यांनीं स्वतःपाशीं ठेविली व घेणाऱ्यास तिची नक्कल दिली.

परततांना मस्तगड पुन्हां दिसला. गढीची उभारणी 1725 सालची. तेव्हांपासून तेथें किती माणसें वागलीं, किती पाणी त्या विहिरींतून उपसलें गेलें, याचा आंकडा कोणापाशीं असणार? गति चालू राहते आणि नोंद थांबते. दोहोंना जोडणारी तार फार बारीक असते. ती तुटली म्हणजे जोडावी हें आपलें काम. परंतु ती तुटलेली असतांना जें चालून गेलें, तें झालेंच नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये.