वडप्याच्या पन्हळीखालचे पाणी

मुंबईच्या पाण्याचा इतिहास चाळताना धरणांची सनावळी मला सहज मिळाली: विहार १८६०, तानसा १८९२, मोडकसागर १९५७. भातसेचे पाणी शहरासाठी उचलतात तेही आमच्या भिवंडी तालुक्यातल्या पिसे येथून. या वाटेवरच्या गावांनी स्वतःची तहान कशी भागवली, ते मात्र विहिरीच्या कठड्याशी बसूनच ऐकावे लागते.

नाशिक महामार्गावरचे वडपेच घ्या. पावसाची तूट नाही. या पट्ट्यात वर्षाला २,५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण खाली काळा कातळ. भेगांत मावेल तेवढे मुरते, बाकीचे ओढ्याने खाडीला जाते. म्हणून वैशाखात विहिरीचा गाळ काढायचा आणि पाझरेल तसे पाळीपाळीने हंडे भरायचे, ही इकडच्या गावांची जुनी रीत. तिचे कौतुक मी बेतानेच करतो. काहींना त्या पाळीत जागाच नसे. १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला तो उगाच नव्हे.

आता भातखाचरांवर गोदामे आली. खाचराचा बांध पाणी धरून ठेवी, पत्रा ते सोडून देतो. १,००० चौरस मीटर पत्र्यावर त्याच पावसात २५ लाख लिटर पाणी पडते! पुरंदरातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीऐवजी माणसाला जोडला. भूमिहीनालाही वाटा दिला. तो दाखला धरून मी विचारतो: गोदामाच्या पन्हळीखालचे पाणी गोदामवाल्याचे, की पूर्वी ते ज्याच्या शिवारात मुरे त्या गावाचे?